ती नागीण नव्हती

मी मुलुंडला गाडी चालवायला शिकवते. माझ्या बाजूला स्टिअरिंग नसतं, फक्त क्लच आणि ब्रेक. दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत दिवसभर बसायचं आणि वेळ आली की पाय दाबायचा, असं हे काम आहे. माझ्याकडे जास्त करून बायका शिकायला येतात आणि आठवडा उलटला की बोलायला लागतात. गाडीत एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, म्हणून असेल.

अशीच एकजण मध्यंतरी गाडी चालवताना सीटवर सारखी चुळबुळत होती. मी म्हटलं, "अगं नीट टेकून बस, सीट काय चावते का तुला?"

"बसता येत नाही मॅडम," ती म्हणाली. "नागीण झालीय ना, नको त्या जागी. तिसऱ्यांदा आली. ओळखीचा एक माणूस आहे, तो लेप देतो, मग जाते."

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागचा रिक्षावाला आमचा उद्धार करत बाजूने निघून गेला. मी तिला गाडी कडेला घ्यायला लावली आणि क्लासचा उरलेला वेळ माझी गोष्ट सांगितली. तीच इथे लिहिते आहे. माझं नाव लिहीत नाही, नवऱ्याचं बदललं आहे. लाज वाटते म्हणून नाही, लाजेचा कोटा केव्हाच संपला. पण माझी मुलगी उद्या शाळेत जाईल आणि लोकांची तोंडं मला माहीत आहेत.

उष्णता आहे, ताक प्या

लग्नाचं दुसरं वर्ष चालू होतं. एके दिवशी सणसणून ताप आला. अंग मोडून आलं, जांघेत गाठी आल्या. आमच्या सासूबाईंनी आधी माझे ओठ निरखून बघितले. ताप ओठावर फुटला की तो अंगातून बाहेर पडला, ही त्यांची पक्की समजूत. ओठ स्वच्छ होते, त्यामुळे त्या नाराज झाल्या. "अजून आतच आसा," म्हणाल्या.

तो बाहेर पडला, पण ओठावर नाही. बसायच्या जागी एका बाजूला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा झुपका आला आणि तसलेच फोड पुढे, नाजूक जागी. लघवीला बसले की डोळ्यांतून पाणी यायचं. शेवटी शेवटी तर मी पाणी प्यायचंच टाळायला लागले, म्हणजे जावं लागायला नको.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी टेबलापलीकडून विचारलं, "काय होतंय?" मी मान खाली घालून सांगितलं. त्यांनी माझ्यापेक्षा जास्त मान खाली घातली. "उष्णता आहे. ताक प्या. ही ट्यूब लावा." बघितलं नाही, बघू का म्हणून विचारलंही नाही. ट्यूब लावल्यावर मी बाथरूमच्या दाराला धरून उभी राहिले, इतकी आग झाली. माझ्या रागाची सुरुवात तिथून आहे. डोळे असलेल्या माणसाने डॉक्टर होऊन बघायचंच नाही, म्हणजे काय?

आईंचा हात

सासूबाई कणकवलीकडच्या. मी त्यांना आई म्हणते. आमच्या कॉलनीत त्यांचं नाव आहे ते नागीण उतरवण्यासाठी. कुणाच्या कमरेला, पाठीला तसले फोड उठले की माणसं आमच्या दारात येतात. आई दुर्वा आणि भिजवलेले तांदूळ वाटतात, त्यात गेरू कालवतात, तोंडाने काहीतरी पुटपुटतात आणि फोडांच्या बाजूने लेप देतात. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकत्र आलं की माणूस जातो, असं लोक मानतात, म्हणून आधी तोंड कुठे आहे ते शोधायचं. ही विद्या त्यांना त्यांच्या आईने दिली. पैसे तर नाहीच, आजाऱ्याच्या घरचा चहासुद्धा त्या घेत नाहीत. घेतला तर हाताचा गुण जातो म्हणे.

मी लंगडत चालते हे त्यांच्या लक्षात आलंच. "काय झाला गो? दाखव बगया."

मी फक्त मागचा झुपका दाखवला. पुढचं दाखवायची माझी काय छाती नव्हती. जगातली कुठली सून दाखवेल? त्यांनी खिडकीच्या उजेडात बघितलं आणि खूश झाल्यासारख्या म्हणाल्या, "नागीण. भिया नको, अजून ल्हान आसा."

लेप थंडगार होता. खरं सांगते, त्या जळजळीवर मला तो देवाचा हात वाटला. तेल-मीठ बंद झालं, आठवडाभर मऊ भात. दहा-बारा दिवसांत फोड सुकले, खपल्या पडल्या. आईंनी शेजारच्या काकूंना बोलावून सांगितलं की सुनेची नागीण उतरवली. मीही सगळ्यांना तेच सांगत सुटले.

आता कळतं ते असं की, फोड आपोआप जाणारच होते. हे एका विषाणूचं काम होतं. तो फोड आणतो, मग नसांच्या मुळाशी जाऊन गुपचूप बसतो आणि मनाला येईल तेव्हा परत वर येतो. मध्ये ज्याने कुणी लेप, राख, ताक, काहीही दिलं, त्याच्या हाताला यश. खरी नागीण हा वेगळा आजार आहे. लहानपणी कांजिण्या होऊन गेलेल्या माणसाला ती होते, बहुतेकांना आयुष्यात एकदाच. कमरेखाली त्याच जागी पुन्हा पुन्हा फोड येत असतील, तर ती नागीण धरून बसू नका. मला हे त्या वेळी एकाही माणसाने सांगितलं नाही.

हे काय फासलंय?

दोन-तीन महिन्यांनी माझी 'नागीण' परत आली. मग आणखी एकदा. पहिल्याइतका ताप नव्हता, पण जागा तीच. आमच्याकडचे रस्ते कसे असतात ते मी सांगायला नको. शिकाऊ बाई गाडी प्रत्येक खड्ड्यात घालणार आणि मी बाजूला दात आवळून बसणार. "क्लच सोड" हे मी इतक्या जोरात ओरडायला लागले की एक विद्यार्थिनी क्लास सोडून गेली. मालक म्हणाले, "मॅडम, घरी काही टेन्शन?" काय सांगणार!

आईंनाही आता काळजी लागली होती. "परत कशी येता? तू मीठ खाल्लंस," असं म्हणून त्या माझ्यावर नजर ठेवायला लागल्या. म्हणजे आजार माझा, खोट माझी आणि जीभही माझीच!

शेवटी मी एका त्वचारोगाच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. पाटीवर 'त्वचा व गुप्तरोग तज्ज्ञ' असं लिहिलेलं. 'त्वचा' बारीक आणि 'गुप्तरोग' लांबून दिसेल असं, हे कुठल्या रंगाऱ्याचं डोकं कोण जाणे. मी ओढणी तोंडाला गुंडाळून जिना चढले, तर समोरच्या बाकावर माझी जुनी विद्यार्थिनी. "अय्या मॅडम, तुम्ही इथे?" "पिंपल्स," मी म्हटलं. ती माझ्या स्वच्छ चेहऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी पण." तिचाही चेहरा स्वच्छ होता. त्यानंतर आम्ही दोघी पंख्याकडे बघत बसलो.

डॉक्टर मॅडमनी मला पडद्यामागे घेतलं, दिवा धरला आणि ओरडल्या, "हे काय फासलंय?"

आईंचा सकाळचा लेप वाळून चिकटला होता. मी सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. खात्री करायची तर ताज्या फोडातलं पाणी कापसाच्या काडीवर घेऊन तपासणीला पाठवावं लागतं, आणि माझे फोड लेपाखाली सुकून गेले होते. "मला अंदाज आहे काय असेल त्याचा," त्या म्हणाल्या, "पण खात्री हवी. पुढच्या वेळी फोड आला की त्याच दिवशी या. काही लावायचं नाही. गेरू नाही, हळद नाही, काही नाही."

पुढच्या वेळी! मी जिना उतरताना रडले. दुखणं जावं म्हणून आले होते आणि आता ते परत येण्याची वाट बघत बसायची होती.

वाट बघितली. एका सकाळी त्या जागी मुंग्या आल्यासारखं झालं आणि चहा होईपर्यंत फोड वर आला होता. मी पर्स घेतली. आईंना माझी चाल बघूनच कळलं. त्या दुर्वा शोधायला उठल्या.

"खंय चाललंस?"

"क्लास आहे आई."

"आदी लेप लावून घे. पाच मिनटां लागतत."

"आल्यावर लावते."

"उशीर झालो तर तोंड-शेपटी एक होतली गो!"

त्या खरोखर घाबरल्या होत्या, हेच तर अवघड. द्वेषाने कुणी अडवलं असतं तर मी धक्का देऊन गेले असते. मी चप्पल हातात घेऊन जिना उतरले.

कुणाकडून

फोडातलं पाणी तपासून आलं आणि निदान झालं: जननेंद्रियांचा हर्पिस. संबंधातून लागणारा विषाणू. मुळापासून घालवणारं औषध नाही, पण मुंग्या आल्या की लगेच गोळ्या सुरू केल्या तर फोड लवकर जातात, दुखणं कमी होतं. हळूहळू त्याचं येणंही कमी होतं. जीवघेणा नाही. मॅडम हे सगळं शांतपणे सांगत होत्या आणि माझ्या कानात फक्त 'संबंधातून' हा शब्द राहिला होता. मी एकाच माणसाबरोबर राहिले आहे. त्याच्याआधी कुणी नव्हतं.

त्यांनी दोघांनाही बोलावलं. माझा नवरा संदेश लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर असतो, दुपारची सुट्टी टाकून आला. मॅडम म्हणाल्या, ह्या विषाणूचे दोन प्रकार. तुमच्या बायकोचा आहे तो साधारण तोंडावर येणारा. तोंडावरून खालीही लागतो, नवरा-बायकोत तोंडाचा संबंध येतोच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि फोड दिसत नसले तरी लागू शकतो. मग त्यांनी संदेशला विचारलं, "तुम्हाला कधी तोंडावर, ओठांवर फोड येतात का?"

"छे," संदेश म्हणाला. "मला कसलाच आजार नाही."

मीही मान हलवली. खरंच, आम्हा दोघांनाही काही आठवलं नाही.

दोघांच्या रक्ताच्या बाकीच्या तपासण्या झाल्या. एचआयव्ही, कावीळ बी, सिफिलिस. एक विषाणू सापडला की बाकीचे बघून घ्यायचे असतात. रिपोर्ट येईपर्यंत मी देवघरासमोर बसत होते आणि काय मागायचं तेच सुचत नव्हतं. सगळे चांगले आले. कावीळ बी ची लस मॅडमनी दोघांनाही टोचून घ्यायला लावली. "ह्याला लस आहे, तर घ्या ना," म्हणाल्या. "हर्पिसला असती तर तीही दिली असती." त्यांचाही वैताग दिसत होता. फोड असतील किंवा मुंग्या येत असतील तेव्हा जवळ यायचं नाही, एरवी निरोध वापरायचा, त्याने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. असं स्वच्छ, सरळ कुणी बोललं की किती बरं वाटतं.

पण ते बरं वाटणं, दोघं गेलो त्या पहिल्याच दिवशी, परतीच्या रिक्षापर्यंतच टिकलं. संदेश रस्त्याकडे बघत म्हणाला, "मला तर नाही. मग तुला कुणाकडून?"

"तुला नाही कशावरून? मॅडम काय म्हणाल्या, न दिसताही असतो."

"ते बोलायला झालं. क्लासला पुरुष पण येतात ना तुझ्या?"

मी रिक्षा थांबवली आणि उतरले. घरापर्यंत चालत गेले, फोड असताना.

पुढचे कितीतरी महिने आमच्या घरात हा एकच प्रश्न होता. कधी तो तोंडाने विचारायचा, कधी माझा फोन टेबलावर असला की नुसतं त्याच्याकडे बघून. त्याचा बिछाना बाहेरच्या खोलीत गेला. माझ्या मनातही तेच होतं, हेही सांगून टाकते. तो लिफ्टच्या कामाला कुठल्या कुठल्या इमारतींत जातो, हे मी मोजायला लागले होते. घाटकोपरला माहेरी गेले, थोडंसं बोलले, तर माझी सख्खी आई कुजबुजली, "कुणाकडून गं?" सगळ्यांना पोलिसी तपास करायचा होता. एवढ्या सगळ्यांत एकालाही हे विचारावंसं वाटलं नाही की, बाई, तुला दुखतं का?

माझ्या हाताक यश नाय काय?

आईंना सांगणं भाग होतं, कारण वाटी घेऊन त्या तयारच असायच्या. मी एवढंच म्हणाले, "आई, ती नागीण नाही. दुसरा आजार आहे. लेप नको आता."

त्यांचा हात दुर्वांच्या जुडीवर थांबला. "तीन वेळा गेली मां? मगे? माझ्या हाताक यश नाय काय?"

"तसं नाही आई."

"मगे कसा?"

तसं कसं ते मला सांगता येईना. कारण तसंच होतं. निदान माझ्यापुरतं तरी तसंच होतं. त्यांनी वाटी धुतली, पालथी घातली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. ताट वाढायच्या, पण माझ्याकडे न बघता. कॉलनीतल्या बायका विचारायच्या, "सुनेची नागीण बरी ना?" तेव्हा त्या आत निघून जायच्या. मला वाईट वाटायचं आणि त्या वाईट वाटण्याचाही राग यायचा. दुखणं माझं असून मी किती जणांची समजूत काढायची?

पाळणा

मग दिवस राहिले. मधल्या काळात संदेश आणि मी अगदीच तुटलो नव्हतो, एवढं त्यावरून समजून घ्या.

बाळाची बातमी कळल्यावर मी आधी डॉक्टर मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, जुना हर्पिस असलेल्या बहुतेक बायकांची बाळं धडधाकट जन्मतात. पण बाळंतपणाच्या वेळी खाली फोड असेल तर बाळाला लागू शकतो. नवजात बाळाला तो झेपत नाही, मेंदूपर्यंत जातो, बाळ दगावूही शकतं. म्हणून शेवटच्या महिन्यात रोज गोळ्या, कळा सुरू झाल्या की नीट तपासणी आणि फोड किंवा मुंग्या असतील तर सरळ सिझर. "तुम्ही सांगितलं नाही तर तिथे कुणी शोधत बसणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगायचं. ओरडून सांगायचं."

ओरडण्याची मला सवय आहे. पण त्या दिवसापासून कमरेखाली नुसती खाज आली तरी मी आरसा घेऊन बाथरूममध्ये जायचे. आतापर्यंत माझ्या इभ्रतीचा प्रश्न होता, आता बाळाच्या जिवाचा.

शेवटचा महिना लागला आणि गोळ्या सुरू केल्या. आई पहिल्यांदा आपणहून बोलल्या, "पोटुशी बाईन असल्यो गोळ्यो खाव नये." मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी गोळ्यांची पट्टी कचऱ्याच्या डब्यात, भाजीच्या देठांखाली सापडली.

मी किंचाळले. शेजारी जमले. संदेश म्हणाला, "तिने काळजीपोटी केलं." मी म्हटलं, "सगळे काळजीपोटीच करतायत! तो डॉक्टर काळजीपोटी बघत नाही, तू काळजीपोटी संशय घेतोस, ह्या काळजीपोटी औषध फेकतात. माझ्या पोराला काय झालं तर तुमची काळजी घालू का चुलीत?"

आई म्हणाल्या, "बगया तरी, तुझी डॉक्टरीण काय सांगता ती. मी येतंय."

दवाखान्यात त्या भांडायलाच आल्या होत्या. डॉक्टर मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, अहो-जाहो केलं. नागिणीबद्दल एक अक्षर वाकडं बोलल्या नाहीत. बाळाला काय होऊ शकतं तेवढं सांगितलं. मग म्हणाल्या, "जन्मल्यावरही सांभाळायचं आहे. हाच विषाणू लोकांच्या ओठांवर असतो. ओठावर फोड असलेल्याने बाळाचा पापा घेतला तरी लागतो. ते काम तुमचं. येणाऱ्याचे ओठ बघायचे, फोड दिसला तर बाळाजवळ सोडायचं नाही. मग तो कुणी का असेना."

घरी आल्यावर आईंनी पाण्याचा ग्लास आणि गोळी माझ्यासमोर आणून ठेवली. पुढेही रोज ठेवली, न बोलता.

ओरडून सांगायचं

कळा सुरू झाल्या तेव्हा मी पालिकेच्या रुग्णालयात होते. ड्युटीवरची डॉक्टर तरुण होती, दमलेली, तिच्यामागे आणखी बायका कण्हत होत्या. मी म्हटलं, "मला हर्पिस आहे. फोड आहे का बघा आधी."

ती अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल अशी म्हणाली, "कसला हर्पिस? खालचा? नवरा बाहेर जातो का?"

सगळ्या खाटांवरच्या माना वळल्या. पोटात कळ, वर हे. एरवी मी मेल्याहून मेले असते. पण मला ब्रेक दाबायचा होता, बस्स. मी तिचा हात धरला. "नवऱ्याचं नंतर बघू. दिवा आणा आणि नीट बघा. बघितल्याशिवाय मी हात सोडणार नाही."

तिने बघितलं. चिडून का होईना, पण नीट बघितलं, प्रत्येक घडी बाजूला करून. मुंग्या येतात का, आग होते का, तेही विचारलं. मग तिचा आवाज खाली आला. "काही नाही. स्वच्छ आहे. होऊ दे नॉर्मल." बाजूच्या खाटेवरची बाई, जिला मी ओळखतही नव्हते, तिने हात लांब करून माझ्या खांद्यावर ठेवला. तिलाही कळा येत होत्या.

मुलगी झाली. तिला पुसून माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा मी तिचं डोकं, पाठ, बोटं, सगळीकडे फोड शोधत होते. नव्हता.

ओठ दाखव

घरी आल्यावर आईंनी दाराशी स्टूल टाकलं. जो येईल त्याला, "वायच थांब. ओठ दाखव."

काय काय अपमान झाले लोकांचे! शेजारच्या काकू हसल्या, म्हणाल्या, "अगो, मी काय घोडा आहे का दात बघायला?" संदेशचे मामा, ज्यांच्यापुढे घरात कुणी आवाज चढवत नाही, त्यांचं पान खाऊन तोंड लाल होतं. आईंनी त्यांना गुळणी करून यायला सांगितलं. "दिसाक नको?" मामा न जेवता गेले. मी आत बाळाला पाजत सगळं ऐकत होते आणि कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले.

बारशाच्या आदल्या आठवड्यात संदेशला ताप आला. दोन दिवस तो मित्राकडे राहिला, बाळाला नको म्हणून. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बरा होऊन आला, हातात झबली-टोपड्यांची पिशवी. दारातूनच म्हणाला, "गेला ताप. फुटला बघ ओठावर, बाहेर पडला एकदाचा." आणि हात पुढे करून आत यायला लागला.

आईंनी स्टुलावरून पाय आडवा घातला.

"ओठ दाखव."

"आई, मी आहे."

"दाखव म्हणतंय ना."

मी बाळाला घेऊन आतल्या दारात उभी होते. खालच्या ओठाच्या कडेला बारीक फोडांचा झुपका होता, पाण्याने भरलेला. तो मी पाहिलेला होता. माझ्या अंगावर, आरशात, मान वाकडी करकरून.

"अगं हा आजार नाही," संदेश म्हणाला. "हा ताप फुटलाय. लहानपणापासून येतो मला, तूच तर तूप लावायचीस..." आणि तो बोलता बोलता थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. पिशवी त्याच्या हातातून सुटली नाही, पण खाली आली.

डॉक्टर मॅडमनी विचारलं होतं, ओठांवर फोड येतात का. आणि आम्ही दोघांनी मनापासून नाही म्हटलं होतं. आमच्यासाठी तो फोड नव्हताच. ती बरं झाल्याची खूण होती.

आईंनी वाकून त्याचा ओठ नीट बघितला. मग हळू म्हणाल्या, "माझ्या आयेच्या ओठार पण असोच येय. तीच ह्याका मांडीर घेऊन मुके घेय." त्यांची आई, म्हणजे लेप शिकवणारी.

संदेश दारातच खाली बसला. "मी तुला काय काय बोललो," तो म्हणाला. ते त्याने मान खाली घालून, चपलांकडे बघत म्हटलं. मला त्याला लगेच माफ करायचं नव्हतं आणि अजूनही पूर्ण केलेलं नाही. त्याला तो लहानपणी लागला यात त्याचा दोष नाही. रिक्षात जे बोलला त्यात आहे.

आईंनी त्याला हात धुवायला लावले, तोंडाला रुमाल बांधायला लावला. "फोड सुकासर चेडवाक घेवचा नाय. थंयसून बग." फोड सुकेपर्यंत मुलीला घ्यायचं नाही म्हटल्यावर तो भिंतीशी बसून लांबून तिच्याकडे बघत राहिला.

मग त्या आत आल्या. मला वाटलं, बाळाला घ्यायला आल्या. पण त्या माझ्या शेजारी खाटेवर बसल्या, हात मांडीवर ठेवून, तो लेप देणारा हात. आणि म्हणाल्या, "खूप दुखला काय गो तुका?"

गेले कितीतरी महिने माझ्याकडे भाषण तयार होतं. कुणाकुणाला काय काय सुनवायचं ते मी गाडीत बसून पाठ केलं होतं. त्यातला एक शब्द आठवला नाही.

"हो आई," मी म्हटलं. "खूप दुखलं."